डेस्कटॉपवरचं घड्याळ बॅटरी खातंय का? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रेनमीटरबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, की विंडोजच्या लॅपटॉपवर घड्याळ, बॅटरी, नेटचा स्पीड, हवामान असं सगळं थेट डेस्कटॉपवर दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, २००१ पासून चालू आहे, जाहिराती नाहीत, सोर्स कोड उघडा आहे, लावून बघा. चारच ओळी, आणि मेलबॉक्स भरला की हो! बऱ्याच जणांनी लावलं, निम्म्यांचं काहीतरी बिघडलं, आणि बाकीच्यांना अजून विजेट हवेत. सगळे प्रश्न घेता येणार नाहीत, पण बहुतेक तक्रारी फिरून फिरून एकाच जागी येतात असं मेल वाचताना लक्षात आलं. विजेट म्हणजे दर थोड्या वेळाने कुणाला तरी "आता किती?" असं विचारणारी छोटीशी खिडकी. ती कुणाला विचारतेय आणि किती वेळा विचारतेय, एवढं बघितलं की निम्मं कोडं तिथेच सुटतं.

प्रश्न : विंडोज ७ मध्ये गॅजेट्स होती, मस्त घड्याळ, कॅलेंडर वगैरे. ती का काढली? आणि विंडोज ११ मध्ये विजेट्स आहेतच की, मग हे वेगळं कशाला?

उत्तर : गॅजेट्स आली व्हिस्टाबरोबर, म्हणजे २००७ साली, तेव्हा ती उजवीकडच्या पट्टीत बसायची, आणि विंडोज ७ मध्ये ती पट्टी गेली आणि गॅजेट कुठेही ठेवता यायला लागली. घोळ असा होता की गॅजेट म्हणजे आतून एक वेबपेजच, आणि त्याच्या स्क्रिप्टला तुमच्या नावाने जे जे करता येतं ते सगळं करता यायचं. कुणी खोडसाळ गॅजेट बनवलं तर ते घड्याळ दाखवता दाखवता तुमच्या फायलीही उघडू शकेल. २०१२ च्या जुलैमध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच इशारा दिला, गॅजेट्स बंद करून टाकणारं टूलही दिलं, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज ८ मधून ती काढलीच. जुनी गॅजेट्स परत आणून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर मिळतात, पण मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

विंडोज ११ मधलं प्रकरण वेगळं आहे. विंडोजचं बटण आणि डब्ल्यू दाबलं की डावीकडून एक फळा सरकत येतो, त्यात हवामान, बातम्या आणि अजून बातम्या. बघितलं, बंद केलं. तो डेस्कटॉपवर पसरून राहत नाही. तुम्हाला कोपऱ्यात शांतपणे बसलेलं घड्याळ हवं असेल तर रेनमीटरच. मॅकवाल्यांनीही विचारलंय, त्यांच्यासाठी हे नाही, पण त्यांच्याकडे २०२३ च्या सोनोमापासून डेस्कटॉपवर विजेट ठेवायची सोय आहेच. आणि लिनक्सवाल्यांनी कॉन्की बघावं, बहुतेकांनी बघितलेलं असेलच म्हणा.

प्रश्न : ताई, तुमचं ऐकून रेनमीटर टाकलं, चार-पाच भारी स्किन लावल्या, गाणं लागलं की नाचणाऱ्या रेघा पण लावल्या. आता पंखा सारखा घोंघावतो आणि बॅटरी भराभर उतरते. अनइन्स्टॉल करू का?

उत्तर : थांबा, आधी त्या नाचणाऱ्या रेघा बंद करून बघा, माझा संशय तिथेच आहे. का ते सांगते, जरा लांबण लागेल पण एकदा कळलं की पुढचे सगळे प्रश्न सोपे होतील.

रेनमीटरमध्ये विजेटला स्किन म्हणतात आणि स्किन म्हणजे आतून साधी टेक्स्ट फाईल, नोटपॅडमध्ये उघडता येते. स्किनवर राइट क्लिक करा, एडिट स्किन म्हणा, उघडेल. त्यात चौकटी कंसात छोटी छोटी शीर्षकं दिसतील. त्यातले काही भाग मोजणारे असतात, त्यांना मेजर म्हणतात, म्हणजे प्रोसेसर किती बिझी, बॅटरी किती टक्के, किती वाजले. आणि काही भाग दाखवणारे, ते मीटर, म्हणजे अक्षरं, पट्टी, गोल काटा. एक माप घेणार, दुसरा चित्र काढणार.

आता अगदी वर रेनमीटर नावाच्या भागात अपडेट असं लिहिलेलं असतं आणि समोर आकडा. बहुतेक ठिकाणी १०००. हे मिलिसेकंद आहेत, म्हणजे दर सेकंदाला एकदा माप घ्या आणि परत चित्र काढा. घड्याळाला सेकंदकाटा असेल तर हे बरोबरच आहे. पण गाण्यावर नाचणाऱ्या रेघा सेकंदाला एकदा हलल्या तर कसं दिसेल, म्हणून अशा स्किनमध्ये हा आकडा खाली आणतात, २५, २०, काही जण थेट १६, आणि १६ च्या खाली रेनमीटर जाऊच देत नाही. १६ म्हणजे सेकंदाला साधारण ६२ वेळा. गाणं लागलेलं असो नसो, तुम्ही डेस्कटॉप बघत असा नसा, वर ब्राउझर पसरलेला असला तरी खाली याचं काम चालूच. पंखा घोंघावणार नाही तर काय!

तर करायचं काय. रेघा हव्याच असतील तर लॅपटॉप चार्जरवर असताना लावा, एरवी अनलोड करा. बाकीच्या स्किन एकेक उघडून आकडा बघा. फक्त तास-मिनिट दाखवणारं घड्याळ असेल तर १००० चे ५००० केले तरी चालतं, मिनिट बदलायला फार तर पाच सेकंद उशीर होईल, त्याने कुणाची गाडी चुकत नाही. नुसते फोल्डर उघडणारे आयकॉन असतील, ज्यात मोजण्यासारखं काहीच नाही, तिथे आकड्याच्या जागी उणे १ लिहा, मग ती स्किन एकदाच चित्र काढून गप्प बसते आणि क्लिक तरीही चालतं. आकडा बदलला, सेव्ह केलं, की स्किनवर राइट क्लिक करून रिफ्रेश म्हणायला विसरू नका, नाहीतर काहीच बदललं नाही असा मेल मला येतो.

एक खाचखळगा आहे पण. हा आकडा बदलला की त्याच फाईलमधल्या बाकीच्या गोष्टींची घडीही बदलते. हवामान आणणारा जो भाग असतो, वेबपार्सर, तो सहसा "दर ६०० अपडेटनंतर एकदा साईटला विचार" असा ठेवलेला असतो. अपडेट १००० असेल तर ६०० वेळा म्हणजे दहा मिनिटं, ठीक. ५००० केलंत तर पन्नास मिनिटं. आणि त्याच फाईलमध्ये नाचणाऱ्या रेघाही असतील आणि आकडा १६ असेल तर? दहा सेकंदांच्या आतच. म्हणजे तुमचा लॅपटॉप दिवसभर दर दहा सेकंदाला हवामानाच्या साईटचं दार ठोठावतोय. काही साईट अशा वेळी उत्तर देणंच बंद करतात, आणि मग लोक म्हणतात रेनमीटर बिघडलं. म्हणून सगळं एकत्र असलेल्या त्या देखण्या भल्यामोठ्या स्किन मला आवडत नाहीत, चार वेगवेगळ्या छोट्या बऱ्या.

प्रश्न : हवामान दिसतच नाही. डिग्रीची खूण येते, आकडा येत नाही. दुसरी स्किन लावली, तिचंही तेच.

उत्तर : स्किन जुनी असणार, दुसरीही जुनीच असणार. हवामानाचा आकडा लॅपटॉपमध्ये नसतो, तो कुठल्यातरी साईटवरून आणायचा असतो, आणि वेबपार्सर तो आणतो कसा, तर पान उतरवून घेतो आणि "या शब्दानंतर आणि त्या शब्दाच्या आधी जे काही आहे ते उचल" अशा पद्धतीने शोधतो. साईटवाल्यांनी पानाची मांडणी जरा हलवली की तो शब्द सापडत नाही, खेळ खलास. एके काळी ढीगभर स्किन याहूच्या हवामानावर चालायच्या, याहूने ती जुनी सेवा २०१९ च्या जानेवारीत बंद केली आणि त्या सगळ्या एका फटक्यात मुक्या झाल्या. पण डाउनलोडला अजून पडलेल्या आहेतच, फोटो छान, दिसायला छान, आतून रिकाम्या.

खाली टास्कबारवर रेनमीटरचा थेंबाचा आयकॉन असतो, त्यावर राइट क्लिक करून अबाउट उघडा. त्यात लॉग नावाचा टॅब आहे. तिथे वेबपार्सरच्या नावाने रेगएक्स्प मॅचिंग एरर असं दिसलं तर समजायचं की पान मिळालं पण हवा तो शब्द मिळाला नाही, तुमची काही चूक नाही, स्किन बदला. नवी घेताना ती शेवटची कधी सुधारली त्याची तारीख आधी बघा, फोटो नंतर. काही नव्या स्किन एपीआय की मागतात, म्हणजे हवामानवाल्या साईटवर तुमच्या नावाने खातं काढून एक लांबलचक किल्ली आणायची आणि फाईलमध्ये चिकटवायची. कटकट वाटते, पण अशा स्किन जास्त टिकतात.

माझ्या लॅपटॉपवर तर एकदा आठ दिवस तेच २७ अंश होते. बाहेर धो धो पाऊस आणि स्क्रीनवर हसरा सूर्य. मला कळलंसुद्धा नाही, घरच्यांनी दाखवलं. म्हणजे आठ दिवसांत मी त्या विजेटकडे एकदाही बघितलं नव्हतं! काढून टाकलं. हवामान बघायचं तर खिडकी आहे.

प्रश्न : तारीख-वार मराठीत हवा आहे. फाईलमध्ये सोमवार लिहिलं तर स्क्रीनवर नुसती प्रश्नचिन्हं येतात. माझ्या भावाने काहीतरी केलं तर प्रश्नचिन्हं गेली आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आली.

उत्तर : हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण मीही यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. फाईल कुठल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या कुठल्या पद्धतीने, सेव्ह केली त्याचा हा सगळा खेळ. प्रश्नचिन्हं आली म्हणजे फाईल एएनएसआयमध्ये गेली, त्यात देवनागरीला जागाच नाही, अक्षरं सेव्ह होतानाच मेली. भावाने बहुतेक यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली, एरवी जगभर तेच चालतं पण रेनमीटरच्या स्किनच्या फाईलला यूटीएफ-१६ एलई लागतं. नोटपॅडमध्ये सेव्ह अ‍ॅज करा, खाली एन्कोडिंगची यादी येते, त्यात यूटीएफ-१६ एलई निवडा, सेव्ह करा, रिफ्रेश करा. आणि हो, प्रश्नचिन्हं झालेले शब्द परत टाइप करावे लागतील, ते आपोआप परत येत नाहीत.

मग फॉन्ट. स्किनवाल्याने दिलेल्या फॅन्सी इंग्रजी फॉन्टमध्ये देवनागरी नसते, म्हणून फॉन्टफेससमोर निर्मला यूआय लिहा, विंडोज ८ पासून तो सोबतच येतो.

वार आपोआप मराठीत यायला तारीख मोजणाऱ्या भागात सब्स्टिट्यूट म्हणून एक ओळ घालायची. त्यात जोड्या देत जायच्या, इंग्रजी मंडे अवतरणात, मग विसर्गचिन्ह, म्हणजे कोलन हो, मग मराठी सोमवार अवतरणात, स्वल्पविराम, पुढची जोडी. आकडेही असेच बदलतात, इंग्रजी शून्याच्या जागी मराठी शून्य, असं नऊपर्यंत, दहाच जोड्या, १२ साठी वेगळी जोडी लागत नाही कारण तो एकेक चिन्ह बदलत जातो. पण याच स्वभावामुळे एक गंमत होते. रविवारसाठी तुम्ही आखूड सन आणि लांब संडे अशा दोन्ही जोड्या ठेवल्या आणि आखूड आधी आली, तर संडेमधलं सन आधी बदलतं आणि स्क्रीनवर रवि आणि त्याला चिकटलेलं इंग्रजी डे असं विचित्र काहीतरी उगवतं. लांब शब्द आधी, आखूड नंतर.

प्रश्न : रेनमीटर प्रोसेसर ३५ टक्के दाखवतं आणि टास्क मॅनेजर त्याच वेळी ५० च्या वर. खोटं कोण बोलतंय?

उत्तर : कुणीच नाही. रेनमीटरचा नेहमीचा सीपीयू मेजर विचारतो की गेल्या सेकंदात प्रोसेसर किती वेळ कामात होता. टास्क मॅनेजर विंडोज ८ पासून वेळेबरोबर वेगही धरतो, म्हणजे प्रोसेसर त्याच्या मूळ वेगापेक्षा जोरात पळत असेल तर तेवढं काम जास्त धरायचं. हल्लीचे लॅपटॉप जरा काम आलं की वेग वाढवतात, म्हणून तिथला आकडा मोठा दिसतो. जुळवायचंच असेल तर युसेज मॉनिटर नावाच्या प्लगइनला, म्हणजे रेनमीटरला जोडलेल्या जादा तुकड्याला, प्रोसेसर युटिलिटी हा काउंटर विचारायला सांगता येतं. मी नाही जुळवत बसले.

प्रश्न : प्रोसेसरचं तापमान दाखवणारी स्किन शून्यच दाखवते.

उत्तर : रेनमीटर स्वतः तापमान वाचत नाही, ते दुसऱ्याकडून घेतं. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो असं एखादं सॉफ्टवेअर मागे चालू लागतं, ते बंद तर शून्य. एचडब्ल्यूइन्फो फुकट वापरत असाल तर त्याची शेअर्ड मेमरीची सोय १२ तासांनी बंद होते, परत टिक करावी लागते. म्हणून सकाळी आकडा असतो आणि रात्री नसतो.

प्रश्न : कुठूनही स्किन घेतली तर व्हायरस येईल का? मुलगा रोज नवनवीन उतरवतोय.

उत्तर : तुमची काळजी बरोबर आहे. नुसती टेक्स्ट आणि चित्रं असतील तर धोका कमी, पण स्किनला प्रोग्राम चालवता येतात, कमांड देता येते, आणि सोबत प्लगइन येऊ शकतं, ते म्हणजे डीएलएल, प्रोग्रामसारखीच चालणारी फाईल, तिथे खरी भानगड. स्किनची फाईल डबल क्लिक केली की इन्स्टॉल करायच्या आधी एक छोटी खिडकी येते, त्यात काय काय येतंय त्याची यादी असते. सगळे घाईघाईत इन्स्टॉल दाबतात. मुलाला सांगा, यादीत प्लगइन दिसलं तर थांबायचं आणि तुम्हाला दाखवायचं. साध्या घड्याळाला अनोळखी प्लगइन कशाला लागतं? शिवाय ही फाईल म्हणजे मुळात झिपच असते, नावातलं शेवटचं काढून झिप लिहिलं की उघडून आत बघता येतं. आणि मूळ सॉफ्टवेअर रेनमीटर डॉट नेट इथूनच, सर्चमध्ये वर येणाऱ्या भलत्या डाउनलोड साईटवरून नाही.

त्याच खिडकीत लेआउट लावू का असंही विचारतात. हो म्हटलं की तुमच्या आधीच्या सगळ्या स्किन जाऊन नव्याच्या बसतात. घाबरू नका, थेंबाच्या आयकॉनवर राइट क्लिक करून मॅनेज उघडा, तिथे लेआउट्सच्या टॅबवर बॅकअप नावाने आधीची मांडणी आपोआप ठेवलेली असते, लोड केली की सगळं जागच्या जागी.

आता फटाफट.

बाहेरचा मॉनिटर काढल्यावर स्किन गायब झाली म्हणणाऱ्या तिघांना : ती अजूनही त्या मॉनिटरच्या जागी आहे. मॅनेज उघडा, स्किन निवडा, कोऑर्डिनेट्समध्ये दोन्हीकडे शून्य लिहा, वरच्या डाव्या कोपऱ्यात येईल.

विंडोज आणि डी दाबलं की काही विजेट पण लपतात : पोझिशनमध्ये ऑन डेस्कटॉप निवडा.

मोठ्या घड्याळामुळे खालच्या आयकॉनवर क्लिक बसत नाही : क्लिक थ्रू चालू करा. मग त्या स्किनवर राइट क्लिक करायचं असेल तेव्हा कंट्रोल दाबून धरा, नाहीतर सेटिंग परत बंद कसं करायचं म्हणून विचाराल.

नवा लॅपटॉप घेतल्यावर परत सगळं करावं लागेल का : नाही. डॉक्युमेंट्समध्ये रेनमीटरच्या आत स्किन्स नावाचा फोल्डर आहे तो उचला, आणि अ‍ॅपडेटामधली रेनमीटरची आयएनआय फाईल. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हवर जात असेल तर हे सगळं तिकडेही चढत राहतं, माहीत असू द्या.

ऑफिसच्या लॅपटॉपवर पोर्टेबल, म्हणजे एकाच फोल्डरमध्ये राहणारं रेनमीटर, टाकू का : पोर्टेबलला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत नाही हे खरं, पण आयटीवाल्यांना विचारून.

प्रश्न : माझ्या स्क्रीनवर आता १९ विजेट आहेत. आमचे हे म्हणतात विमान चालवतेस का. पण मला अजून एक हवंय, मुलीसाठी रोज एक नवा मराठी शब्द आणि त्याचा अर्थ. होईल का?

उत्तर : होईल, आणि त्यासाठी बाकीची १५ काढा असं मी सुचवेन. नाहीतर मुलीला तो शब्द सापडणार कसा? माझ्याकडे तीनच आहेत, घड्याळ, बॅटरी आणि एक चिठ्ठी.

रेनमीटरबरोबरच कोट प्लगइन येतं. ते एका टेक्स्ट फाईलमधून कुठलीही एक ओळ उचलून दाखवतं. एक फाईल करा, प्रत्येक ओळीवर शब्द आणि अर्थ, शंभर-दोनशे ओळी, मुलीलाच लिहायला बसवा. ही फाईलही यूटीएफ-१६ एलईमध्येच. मग त्या भागात पाथनेमसमोर फाईलचा पत्ता द्यायचा, आणि दाखवणाऱ्या भागात निर्मला यूआय.

फक्त एक ओळ विसरू नका, अपडेट डिव्हायडर, म्हणजे किती अपडेटनंतर एकदा बदलायचं तो आकडा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ती घातली नव्हती, आणि दर सेकंदाला नवा शब्द, वाचून होईपर्यंत पुढचा, डोळे दुखले नुसते. अपडेट १००० असेल आणि डिव्हायडर ३६०० ठेवलात तर तासाला एक शब्द येतो. दिवसाला एकच हवा असेल तर ८६,४००, पण लॅपटॉप बंद करून परत चालू केला की मोजणी पहिल्यापासून सुरू होते आणि शब्द बदलतो, तेवढं मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर आवडता शब्द यावा म्हणून ती सारखा लॅपटॉप रिस्टार्ट करत बसेल.